परीक्षानळीतले 80 टक्के आणि रक्तदाबाची गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य पुरवण्यांत एका ठरावीक साच्याची बातमी अधूनमधून येते. कुठल्याशा पाल्याचा, सालीचा किंवा बियांचा अर्क काढला, त्याने रक्तदाब वाढवणारे 'एसीई' हे एन्झाइम 80 टक्के रोखले, सबब तो पाला उच्च रक्तदाबावर गुणकारी. आकडा कधी 70 असतो, कधी 92. बातमी खोटी नसते. प्रयोगशाळेत तो आकडा खरोखर निघालेला असतो. पण तो कशाचा आकडा आहे हे कोणी सांगत नाही, आणि वाचणाऱ्यांपैकी काहीजण दुसऱ्या दिवशी गोळी बंद करून काढा सुरू करतात. या एन्झाइमच्या चाचण्या करणे हे आमचे रोजचे काम असल्याने त्या टक्क्यांमागे काय काय असते ते लिहून पाठवत आहोत. पत्र लांबले आहे. काटछाट करावी लागली तर मात्रांचे आकडे तेवढे राहू द्यावेत, कारण सगळी गोम त्यांतच आहे.

आधी एन्झाइमचे काम. रक्तदाब घसरला किंवा शरीरातले मीठ-पाणी कमी पडले की मूत्रपिंडातून रेनिन रक्तात उतरते. यकृताने बनवलेल्या अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनाच्या टोकाचा 10 अमिनो आम्लांचा तुकडा रेनिन कापून काढते. हा अँजिओटेन्सिन-1; एकटा असताना तो फारसे काही करत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर, विशेषतः फुप्फुसांत, बसलेले एसीई त्याच्या शेवटची दोन अमिनो आम्ले, हिस्टिडिन आणि ल्युसिन, उडवते. उरतो तो 8 अमिनो आम्लांचा अँजिओटेन्सिन-2. हा मात्र खमक्या: रक्तवाहिन्या आवळतो, अधिवृक्क ग्रंथीकडून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक काढून घेतो आणि मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतो. एसीईचा दुसरा उद्योग म्हणजे ब्रॅडिकायनिन मोडणे. ब्रॅडिकायनिन रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे एसीई रोखले की दाब दोन्ही अंगांनी उतरतो. एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल या गोळ्या हेच करतात, आणि साचलेल्या ब्रॅडिकायनिनमुळेच काही रुग्णांना कोरड्या खोकल्याची ढास लागते.

रेनिन 1898 मध्ये स्टॉकहोमला टिगरस्टेट आणि बर्गमन यांना सशाच्या मूत्रपिंडात सापडले. एसीई हाती यायला 1956 साल उजाडले. अमेरिकेत लिओनार्ड स्केग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घोड्याच्या रक्तद्रवातून काढले. त्या वेळीच एक गोष्ट लक्षात आली होती: क्लोराइड (मिठातला एक घटक) नसेल तर हे एन्झाइम कामच करत नाही. या क्लोराइडकडे पुढे पुन्हा यायचे आहे. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषातल्या पेप्टाइडांवरून, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळ्यांवरून, धागा पकडून कुशमन आणि ओंडेटी यांनी एसीई रोखणारे कॅप्टोप्रिल हे औषध घडवले, 1981 मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. हे सगळे घडले तेव्हा मानवी एसीईची रचना कोणालाच ठाऊक नव्हती. जनुक 1988 मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी वाचले, आणि एन्झाइमच्या एका भागाची त्रिमितीय रचना लिसिनोप्रिलसकट उलगडली 2003 मध्ये. ते काम बाथ आणि केप टाऊन इथल्या प्रयोगशाळांचे. शोधनिबंधाचे पहिले लेखक रामनाथन नटेश आणि बाथचे प्रमुख रवी आचार्य.

जनुक मिळाल्यामुळे सशाच्या फुप्फुसावरचे अवलंबित्व संपले, निदान तत्त्वतः. आज चाचणीसाठी जे 'रिकॉम्बिनंट मानवी एसीई' मिळते ते कोणा माणसाच्या शरीरातून काढलेले नसते. मानवी जनुकाचा हवा तेवढा भाग चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून वाढवलेल्या पेशींत किंवा मानवी मूत्रपिंडाच्या एचईके-293 या पेशींत घालतात आणि त्या पेशी ते प्रथिन बनवतात. स्वस्त आणि सोयीचा ई. कोलाय जिवाणू इथे उपयोगी पडत नाही. एसीईवर जागोजागी साखरेच्या साखळ्या चढलेल्या असतात, त्या चढवण्याची यंत्रणा जिवाणूकडे नसते आणि त्यांच्याविना प्रथिनाची घडी नीट बसत नाही. शिवाय शरीरातले एसीई पेशीच्या आवरणात शेपटाने रोवलेले असते. प्रयोगशाळेतल्या प्रतीत जनुकाचा तो शेपटाचा भाग आधीच छाटतात, म्हणजे एन्झाइम पेशीला चिकटून न राहता भोवतालच्या द्रवात सुटते आणि गोळा करता येते.

या टप्प्यावर एक फसगत नेहमीची आहे. पेशी वाढवायला वासराचे सीरम वापरतात आणि त्या सीरममध्ये गाईचे एसीई असतेच. पेशी भरल्या की सीरमविरहित माध्यमावर आणल्या नाहीत, तर बाटलीवर 'मानवी' लिहिलेले असते आणि आत मिसळ असते. शुद्धीकरणाची जुनी खात्रीची रीत म्हणजे लिसिनोप्रिल जोडलेल्या मण्यांचा स्तंभ. क्लोराइड असताना एसीई त्याला घट्ट धरते, बाकीची प्रथिने वाहून जातात. मग क्लोराइड नसलेल्या, 9.5 सामूच्या (पीएच) बोरेट बफरने, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने, ते सोडवून घेतात. सोडवण्यासाठी मोकळे लिसिनोप्रिल वापरले तर पुढे दीर्घकाळ डायलिसिस (बारीक छिद्रांच्या पडद्यातून धुऊन काढणे) करावे लागते, कारण लिसिनोप्रिल सहज सुटत नाही आणि एन्झाइम जन्मतःच रोखलेले राहते. शुद्ध झालेल्या प्रथिनाच्या नुसत्या अमिनो आम्लांचे वजन 140 किलोडाल्टनच्या आसपास, पण जेलवर (प्रथिने वजनानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) पट्टा दिसतो 170 च्या जवळपास. वरचे वजन साखरेचे. पट्टा 140 लाच दिसला तर आनंद मानू नये.

मानवी एसीईच्या गाभ्यात जस्ताचा अणू असतो, तोही एक नाही. शरीरातल्या नेहमीच्या एसीईचे जवळपास सारख्या घडणीचे दोन भाग असतात, दोन्हींत एकेक जस्त. जस्त काढून घेतले की एन्झाइम मेले. म्हणून शुद्धीकरणात ईडीटीए, म्हणजे धातू ओढून घेणारे रसायन, असलेले कुठलेही मिश्रण चालत नाही. प्रथिने कुजू नयेत म्हणून घालण्याच्या तयार गोळ्यांत बहुधा ईडीटीए असते, तेव्हा ईडीटीएविरहित गोळ्या मागवाव्या लागतात. तयार एन्झाइम 10 मायक्रोग्रॅमच्या कुप्यांत विकले जाते. ते उणे 70 अंशांना, एकेका दिवसाच्या वापराइतके भाग करून ठेवतात. वितळवून पुन्हा गोठवले की दर खेपेला थोडे बळी जाते. पातळ केल्यावर आणखी एक घोळ होतो. नॅनोग्रॅमच्या पातळीला प्रथिन प्लॅस्टिकच्या भिंतीलाच चिकटून बसते. त्यासाठी बफरमध्ये थोडे ब्रिज-35 (साबणासारखा पदार्थ) किंवा दर मिलिलिटरला 0.1 मिलिग्रॅम बोवाइन अल्ब्युमिन (गाईच्या रक्तातले प्रथिन) घालतात. अल्ब्युमिन हातचे राखून घालावे, कारण जास्त प्रमाणात अल्ब्युमिन स्वतःच एसीईला रोखते. माणसाच्या रक्तात दर मिलिलिटरला सुमारे 40 मिलिग्रॅम अल्ब्युमिन असते, म्हणजे रक्तात फिरणारे एसीई मुळातच दबलेले असते. स्वच्छ बफरमधल्या एन्झाइमला ही अडचण नसते. नळीतला आकडा आणि शरीर यांच्यातला हा पहिलाच फरक, आणि अर्क तर अजून घातलेलाही नाही.

आता ती टक्क्यांची चाचणी. आपल्याकडच्या महाविद्यालयांत अजूनही बरेचदा चालते ती 1971 ची कुशमन आणि चेउंग यांची रीत, आणि त्यात एन्झाइम असते सशाच्या फुप्फुसाचे. हिप्युरिल-हिस्टिडिल-ल्युसिन हे छोटे पेप्टाइड 5 मिलिमोलर, पोटॅशियम फॉस्फेट 100 मिलिमोलर, मीठ 300 मिलिमोलर, सामू 8.3, एकूण पाव मिलिलिटर, 37 अंशांना 30 मिनिटे. मग पाव मिलिलिटर 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने क्रिया थांबवायची, सुटलेले हिप्युरिक आम्ल दीड मिलिलिटर इथाइल ॲसिटेटमध्ये ओढून घ्यायचे, त्यातले 1 मिलिलिटर वेगळे काढून सुकवायचे, उरलेला थर मिठाच्या पाण्यात विरघळवून 228 नॅनोमीटरला मोजायचा. कागदावर सोपे आहे. प्रत्यक्षात इथाइल ॲसिटेट पुरते उडालेले नसते आणि तेही 228 ला प्रकाश शोषते, त्यामुळे एकाच नमुन्याच्या तीन नळ्यांत तीन आकडे येतात. वनस्पतीतले गॅलिक आम्लासारखे फेनॉलिक पदार्थही इथाइल ॲसिटेटमध्ये उतरतात आणि त्याच तरंगलांबीला दिसतात. अर्क आहे पण एन्झाइम नाही अशी नळी प्रत्येक नमुन्यासाठी वेगळी लावली नाही, तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. क्रिया थांबवल्याशिवाय मोजता येत नाही हाही दोष. अर्ध्या तासात अर्क नसलेल्या साध्या नळीतले पेप्टाइड बरेचसे संपले असेल तर रोखलेली नळी मागून येऊन तिला गाठते आणि खरा रोध झाकला जातो.

मानवी एन्झाइम महाग असल्याने त्यासोबत बहुधा फ्लुओरेसन्सची रीत वापरतात. पेप्टाइडच्या एका टोकाला चमकणारा गट, दुसऱ्या टोकाकडे त्याची चमक दाबणारा. एसीईने शेवटच्या दोन अमिनो आम्लांचा तुकडा तोडला की दाबणारा दूर जातो आणि द्रव 420 नॅनोमीटरला उजळतो. उत्तेजन 320 ला. ट्रिस बफर 0.1 मोलर, सामू 7, मीठ 50 मिलिमोलर, झिंक क्लोराइड 10 मायक्रोमोलर, पेप्टाइड 10 मायक्रोमोलर. इथे फॉस्फेट बफर घेऊ नये, जस्त फॉस्फेट होऊन खाली बसते. 96 खळग्यांच्या पट्टीत 100 मायक्रोलिटर पातळ एन्झाइम आणि 20 मायक्रोलिटर अर्क 15 मिनिटे एकत्र ठेवायचे, नंतर 80 मायक्रोलिटर पेप्टाइड घालून दर मिनिटाला वाचन घ्यायचे आणि सुरुवातीच्या, पेप्टाइडचा दहावा हिस्सा संपेपर्यंतच्या, सरळ रेषेचा चढ मोजायचा. ती 15 मिनिटे वाचवण्याचा मोह होतो. लिसिनोप्रिलसारखे रोधक एन्झाइमवर हळूहळू बसतात, त्यांना वेळच दिला नाही तर जगातली नावाजलेली गोळी नळीत मंद दिसते. ज्या पट्टीत लिसिनोप्रिलचा खळगा नाही तिचे निकाल आम्ही वाचतही नाही.

आता अर्क. रोधक नसताना रोधक असल्याचा आव आणण्याच्या त्याच्याकडे इतक्या तऱ्हा आहेत की खरे रोधक सापडणे हाच अपवाद वाटू लागतो.

पहिली तऱ्हा रंग. हळदीचा अर्क घ्या. त्यातले कर्क्युमिन 425 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक प्रकाश शोषते आणि आपण वाचतो 420 ला. एन्झाइम व्यवस्थित काम करत असते, चमकही निर्माण होत असते, पण ती यंत्रापर्यंत पोहोचायच्या आत हळद गिळते. संगणक म्हणतो 75 टक्के रोध. ओळखायचे कसे? पेप्टाइड पूर्ण तुटू द्यायचे, चमक स्थिर झाली की मग अर्क घालायचा. तेव्हाही चमक तितकीच पडली तर एन्झाइमचा काही संबंध नाही. ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि ती न केलेले निबंध खोऱ्याने निघतात.

दुसरी तऱ्हा टॅनिनची, आणि आयुर्वेदातल्या वनस्पतींच्या बाबतीत तीच सर्वांत मोठी. हिरडा, अर्जुनाची साल, डाळिंबाची साल, चहा, यांत टॅनिन भरपूर. टॅनिन प्रथिनाला गुंडाळून खाली बसवते. कातडे कमावतात ते याच गुणावर. खळग्यात नॅनोग्रॅमने असलेले एन्झाइम टॅनिनपुढे कितीसे टिकणार? आकडा येतो 90 टक्क्यांच्या पुढे. त्याच अर्काने ट्रिप्सिन, पेप्सिन ही पचनाची एन्झाइमे रोखून पाहावीत. सगळ्यांना सारखाच झोडपत असेल तर तो एसीईचा रोधक नव्हे. किंवा पॉलिव्हिनिल-पॉलिपायरोलिडोनच्या भुकटीतून अर्क गाळून टॅनिन काढावे आणि पुन्हा चाचणी करावी. बहुतेक वेळा 90 चे 10 होतात, आणि ती दुसरी चाचणी छापली जात नाही.

तिसरी तऱ्हा जस्त पळवण्याची. बिया, कोंडा आणि डाळींतले फायटिक आम्ल धातू धरून ठेवते. बफरमध्ये जस्त थोडे वाढवले आणि रोध नाहीसा झाला, की समजावे. चौथी तऱ्हा आंबटपणाची. आमसूल, लाल अंबाडी, चिंच यांचे अर्क आम्लधर्मी. बफर पातळ असेल तर अर्क पडताच सामू खाली येतो आणि एन्झाइम थंडावते. अर्क घातल्यानंतर खळग्यातला सामू मोजला का, एवढा एकच प्रश्न विचारला तरी कितीतरी आकडे गळतील. क्लोराइडचेही असेच. मीठ न घालता केलेल्या बफरमध्ये एन्झाइम आधीच मरगळलेले असते, आणि त्यात थोडासा जरी बिघाड झाला तरी टक्केवारी फुगते.

दोन भागांचीही भानगड आहे, पण ती थोडक्यात. वर सांगितलेले कुशमन पद्धतीचे पेप्टाइड मुख्यतः एन्झाइमच्या दुसऱ्या, म्हणजे शेपटाकडच्या भागाकडून तुटते. त्यामुळे फक्त पहिल्या भागाला रोखणारा पदार्थ त्या चाचणीत जवळजवळ दिसतच नाही. नेमके कुठले पेप्टाइड वापरले ते माहीत नसेल तर दोन निबंधांतले टक्के एकमेकांशी ताडून पाहण्यात हशील नाही.

एवढ्या सगळ्या चाळण्यांतून एखादा अर्क खरोखर पार झाला असे धरू. तरी मात्रेचा हिशेब उरतोच, आणि बातमीत नेमका तोच नसतो. वनस्पतींच्या अर्कांची चाचणी बहुधा दर मिलिलिटरला 1 मिलिग्रॅमच्या आसपास होते. कॅप्टोप्रिल निम्मे एन्झाइम रोखते ते 10 ते 20 नॅनोमोलरला, म्हणजे दर मिलिलिटरला 2 ते 4 नॅनोग्रॅमला. अडीच ते पाच लाख पटींचा फरक झाला. आता 1 मिलिग्रॅम शरीरात उतरवून पाहू. 70 किलोच्या माणसाच्या शरीरात पेशींबाहेरचे पाणी सुमारे 14 लिटर. तिथे दर मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम हवे तर 14 ग्रॅम कोरडा अर्क एका वेळी, आणि त्यातला कणही वाया न जाता रक्तात उतरला पाहिजे. 100 ग्रॅम वाळल्या पाल्यातून 10 ग्रॅम अर्क निघतो असे धरले तर 140 ग्रॅम वाळलेला पाला, ओला म्हणाल तर अर्धा-पाऊण किलो. तेही आतड्याने सगळे शोषले आणि यकृताने काहीच मोडले नाही तर. बातमीत 'रोज सकाळी एक चमचा' लिहिलेले असते. चमच्याचा आणि त्या टक्क्यांचा संबंध काय, ते लिहिणाऱ्याने सांगावे.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर आम्ही पाल्याच्या विरोधात आणि गोळीच्या बाजूने बोलतो असे वाटेल. एनालाप्रिलची गोळी कुटून त्याची शुद्ध भुकटी या नळीत घातली तर निकाल अगदीच सुमार येतो. कारण एनालाप्रिल हे तयार औषध नव्हेच. यकृत त्याचे एनालाप्रिलॅट करते आणि ते सुमारे हजारपट प्रभावी असते. रॅमिप्रिलचेही तसेच, त्याचे रॅमिप्रिलॅट व्हावे लागते. म्हणजे केवळ नळीवर विसंबले असते तर लाखो लोक घेत असलेली औषधे पहिल्याच फेरीत बाद झाली असती. आणि सर्वांत जास्त लिहून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन यांचा एसीईशी संबंधच नाही. टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिन-2 ज्या जागी बसतो ती जागा अडवते, अम्लोडिपिन स्नायूत शिरणारे कॅल्शियम. तेव्हा 'आपली गोळी हेच तर करते' असे समजून अर्कावर जाणाऱ्याने आधी आपली गोळी कोणती ते पाकिटावर पाहावे.

दुधातल्या पेप्टाइडांचे उदाहरण या सगळ्यात सर्वांत बोलके आहे. जपानमध्ये लॅक्टोबॅसिलस हेल्व्हेटिकस या जिवाणूने आंबवलेल्या दुधात तीन-तीन अमिनो आम्लांची दोन पेप्टाइडे सापडली, आणि 1995 मध्ये त्यांची एसीई रोखण्याची ताकद प्रसिद्ध झाली: निम्म्या रोधाला 5 आणि 9 मायक्रोमोलर. अर्कांच्या मानाने हे फारच चांगले, रंग किंवा टॅनिनची भानगड नाही, पदार्थ शुद्ध. उंदरांवर, माणसांवर बरेच प्रयोग झाले. काहींत दाब थोडा उतरला, काहींत उतरला नाही. शेवटी 2012 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने सगळा पुरावा तपासून सांगितले की ही पेप्टाइडे खाणे आणि रक्तदाब सामान्य राहणे यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. इतक्या चांगल्या उमेदवाराची ही गत. यावरून आपल्या ताकाबद्दल निष्कर्ष काढणारे लेखही दिसतात. घरच्या विरजणात तोच जिवाणू असेल याची खात्री कशी देणार, आणि ताकात पडणाऱ्या मिठाचे काय? ताक प्यावे, चवीसाठी आणि उन्हासाठी.

नळीकडून माणसाकडे जाण्याचा रस्ता ठरलेला आहे आणि तो लांबच आहे. आधी अर्क नकली पचनातून काढायचा: सामू 3 ला पेप्सिनबरोबर दोन तास, मग सामू 7 ला स्वादुपिंडाच्या एन्झाइमांबरोबर दोन तास. त्यानंतर रोध उरतो का पाहायचे. उरला तर उंदीर. 1960 च्या दशकात क्योटोमध्ये ओकामोटो आणि आओकी यांनी जन्मतः उच्च रक्तदाबाचे उंदीर वाढवले, ते यासाठीच वापरतात. मग माणसे, चिठ्ठ्या टाकून केलेले दोन गट, एकाला खरा पदार्थ, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारा निष्क्रिय. बातमी पहिल्या पायरीवरची असते आणि मथळा शेवटच्या.

एसीई-2 बद्दल वेगळे लिहिणे भाग आहे, कारण 2020 पासून हे दोन्ही एकमेकांत मिसळले गेले आहेत. एसीई-2 चे जनुक 2000 मध्ये सापडले. ते एसीईच्या कुळातले खरे, पण काम उलटे: अँजिओटेन्सिन-2 चे एकच अमिनो आम्ल काढून ते त्याला निष्प्रभ करते. लिसिनोप्रिल, कॅप्टोप्रिल त्याला रोखत नाहीत. करोनाचा विषाणू पेशीत शिरताना याच एसीई-2 ला धरतो, असे कळल्यावर 'प्रिल' आणि 'सार्टन' गोळ्या घेणाऱ्यांत घबराट पसरली आणि अनेकांनी त्या परस्पर बंद केल्या. ब्राझीलमध्ये 659 रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून तपासले, एका गटाच्या गोळ्या 30 दिवस थांबवल्या, दुसऱ्याच्या चालू ठेवल्या. थांबवून काही फायदा झाला नाही.

प्रयोगशाळेत बनवलेले मानवी एसीई-2 प्रत्यक्ष औषध म्हणून शिरेतून देऊनही पाहिले गेले. फुप्फुसे तीव्रतेने निकामी झालेल्या रुग्णांवरचा 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. एन्झाइमने आपले काम चोख केले, रक्तातला अँजिओटेन्सिन-2 उतरला. रुग्णांचा प्राणवायू मात्र सुधारला नाही. करोनाच्या रुग्णांवरही तसेच एन्झाइम वापरून झाले आणि मुख्य निकष गाठता आला नाही. इथे तर पाला नाही, टॅनिन नाही, मात्रेचा घोळ नाही. शुद्ध मानवी एन्झाइम थेट रक्तात. रसायन बदलले की रोगी बरा होतोच असे नाही.

आणि समजा एखाद्या काढ्यात खरेच ताकद असली, तर ती गोळीच्या जोडीने घेणे जास्त धोक्याचे. एसीई रोखले की अल्डोस्टेरॉन कमी होते आणि मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर टाकेनासे होते. त्यात 'लो सोडियम' मीठ, ज्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराइड असते, किंवा रोज दोन-तीन शहाळी, आणि मूत्रपिंड आधीच कमजोर, अशी जुळणी झाली की पोटॅशियम हृदयाची लय बिघडवण्याइतके चढू शकते. गरोदरपणात तर 'प्रिल' आणि 'सार्टन' दोन्ही वर्ज्य, गर्भाच्या मूत्रपिंडाला इजा होते. अर्क एसीई रोखतो असा दावा करणाऱ्याने मग हीच सूचना आपल्या पाकिटावर छापायला हवी. 'नैसर्गिक असल्याने दुष्परिणाम नाहीत' आणि 'एसीई रोखतो' ही दोन वाक्ये एका जाहिरातीत शेजारी शेजारी बसत नाहीत.

आपल्या पुरवणीच्या संपादकांनी अशी बातमी हाती आल्यावर संशोधकाला फोन करून चारच गोष्टी विचारून घ्याव्यात. एन्झाइम कोणाचे, सशाचे की मानवी. अर्काची मात्रा किती, आणि ती मूळ बाटलीतली की खळग्यात पातळ झाल्यानंतरची. दहापटीची चूक इथेच होते. टॅनिन आणि रंगाची तपासणी केली का. शेजारच्या खळग्यात लिसिनोप्रिलचा आकडा किती आला. चांगला संशोधक या प्रश्नांनी खूश होईल. उत्तर टाळले तर बातमी थांबवावी, फार काही बिघडत नाही.

रुग्णांसाठी एक वेगळी माहिती, कारण ती विचारणारे वरचेवर भेटतात. रक्तातल्या एसीईची तपासणी पॅथॉलॉजीत होते, पण ती रक्तदाबाची तपासणी नाही. ती मुख्यतः सारकॉइडोसिस या, फुप्फुसांत आणि इतर अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणाऱ्या, आजारात उपयोगी पडते. त्यासाठी रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत घेतले तर आकडा खोटा कमी येतो, कारण त्या नळीत ईडीटीए असते आणि ते जस्त ओढून घेते. लाल किंवा पिवळ्या बुचाची सीरमची नळी लागते. 'प्रिल' गोळी चालू असेल तरी आकडा कमीच दिसेल, तेव्हा रक्त देताना गोळीचे नाव अर्जावर लिहून द्यावे आणि गोळी मात्र स्वतःहून थांबवू नये.

आपले,
एन्झाइम-चाचण्यांचे काम करणारे काही अध्यापक व प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पुणे